परदेशातल्या यादवीत शस्त्रसंधी मोडली, तर आपल्या सभागृहाच्या ठरावाने काही होतं का?

तुम्ही विचारलंय, की दुसऱ्या देशातल्या यादवीत शस्त्रसंधी मोडल्यावर आपल्याकडची विधानसभा किंवा संसद ठराव करते, त्याने तिकडे काही फरक पडतो, की तो नुसता कागद राहतो? बहुतेक वेळा त्याने तोफा थांबत नाहीत. तरी तो कागद वाया जातो असं मी म्हणणार नाही. मी सोलापुरात नागरिकशास्त्र शिकवते, पण ही गोष्ट मला पाठ्यपुस्तकापेक्षा शेजारच्या अक्कांच्या स्वयंपाकघरात जास्त कळली.

२००८-०९ साली आम्ही रेल्वे लाईन्स भागात भाड्याने राहायचो. शेजारी तमिळ कुटुंब, यजमान रेल्वेत. अक्कांच्या आत्याचं सासर श्रीलंकेत, किलिनोच्चीजवळ. रात्री ओट्यावर डाळीच्या डब्याला टेकवलेल्या रेडिओवर तमिळ बातम्या लागायच्या. अक्का पोळपाटावरचा हात थांबवून ऐकायच्या आणि मग तोडक्यामोडक्या मराठीत मला सांगायच्या.

श्रीलंका सरकार आणि वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणारी सशस्त्र संघटना एलटीटीई यांच्यात २२ फेब्रुवारी २००२ रोजी नॉर्वेच्या मध्यस्थीने शस्त्रसंधी झाली होती. बाहेर पडायचं असेल तर चौदा दिवस आधी नोटीस द्यायची, असं त्यात कलम होतं. २००६ पासून लढाई पुन्हा सुरूच होती, संधी कागदावर उरली होती. २ जानेवारी २००८ रोजी सरकारने बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं, १६ तारखेला ती संपली आणि देखरेखीला असलेले नॉर्डिक निरीक्षकही निघून गेले. आमच्या घरमालकाने खोली रिकामी करायला महिन्याची मुदत दिली होती. तिथे लाखो माणसांना चौदा दिवस.

मग चेन्नईत काय झालं ते बघा. १४ ऑक्टोबर २००८ रोजी मुख्यमंत्री करुणानिधींनी सर्वपक्षीय बैठक घेतली. दोन आठवड्यांत केंद्राने युद्ध थांबवलं नाही तर तमिळनाडूचे खासदार राजीनामे देतील, असं तिथे ठरलं. केंद्रातलं सरकार करुणानिधींच्या द्रमुक पक्षाच्या टेकूवर उभं होतं, त्यामुळे दिल्ली हलली. २६ ऑक्टोबरला श्रीलंकेच्या अध्यक्षांचे भाऊ बासिल राजपक्षे दिल्लीत चर्चेला आले आणि भारताने ८०० टन मदतसामग्री पाठवायचं ठरवलं. राजीनाम्यांचा विषय तिथेच मागे पडला. धान्य-औषधं पदरात पडली, युद्धबंदी नाही. १२ नोव्हेंबरला विधानसभेने युद्धबंदीसाठी एकमताने ठराव केला. २ जानेवारी २००९ रोजी किलिनोच्ची श्रीलंकेच्या लष्कराच्या हाती पडलं आणि अक्कांचा आत्याकडे फोन लागेनासा झाला. २३ जानेवारीला विधानसभेने केंद्राला ‘शेवटची विनंती’ म्हणून आणखी एक ठराव केला.

त्या ठरावाचं तमिळ पेपरातलं कात्रण अक्कांनी फोनच्या डायरीत ठेवलं होतं. माझ्यासमोर धरून त्यांनी विचारलं, “टीचर, शेवटची म्हणजे? यानंतर काय करणार?” मी गप्प बसले. परराष्ट्र व्यवहार राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीत आहे, राज्याची विधानसभा केंद्राला विनंतीपलीकडे काही करू शकत नाही, हे मी वर्गात दरवर्षी सांगत होते. ते त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार होते?

मे महिन्यात युद्ध संपलं. शेवटच्या महिन्यांत चाळीस हजारांपर्यंत नागरिक मेले असावेत, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये म्हटलं. पावसाळ्यात निरोप आला, आत्याचा मुलगा मेनिक फार्मच्या विस्थापितांच्या छावणीत आहे. आत्या नव्हती.

आता दुसरं उदाहरण घ्या, कारण सगळीच सभागृहं इतकी हात बांधलेली नसतात. ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने केलेला सुदान शांतता कायदा अमलात आला. सुदानचं सरकार आणि दक्षिणेतले बंडखोर, या दोन्ही बाजू खऱ्या मनाने बोलणी करत आहेत का, याचा दाखला राष्ट्राध्यक्षाने दर सहा महिन्यांनी काँग्रेसला द्यायचा. राजधानी खार्टुममधलं सरकार चालढकल करत असेल, तर आंतरराष्ट्रीय कर्जांना विरोध करायचा आणि शस्त्रबंदीसाठी प्रयत्न करायचे. त्याच महिन्यात सुदानमध्ये लढाई थांबवण्याचा करार झाला, लगेच मोडलाही, आणि फेब्रुवारी २००३ मध्ये त्याला देखरेखीची पुरवणी जोडावी लागली. ९ जानेवारी २००५ रोजी शांतता करार झाला. तो एकट्या या कायद्यामुळे झाला असं मुळीच नाही, आणि त्याच काळात सुदानच्या पश्चिमेचा दारफूर प्रांत पेटलेला होता. पण ‘आम्ही चिंता व्यक्त करतो’ आणि ‘सहा महिन्यांनी पुन्हा हिशेब द्या’ यांतलं अंतर बघा.

ज्या ठरावामागे असा हिशेब नसतो, तोही मला का हवासा वाटतो, याचं कारण आपल्या सोलापूरचंच आहे. १९३० च्या मे महिन्यात इथे मार्शल लॉ लागला, तेव्हा लंडनच्या कॉमन्स सभागृहात भारतमंत्री वेजवुड बेन यांना सोलापूरबद्दल प्रश्न विचारले गेले. त्याने सोलापूरचे स्वातंत्र्यसैनिक धनशेट्टी, कुर्बान हुसेन, सारडा आणि शिंदे यांची फाशी टळली नाही. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात ते चौघे गेले. पण सत्तेला त्या दिवसांत काय उत्तर द्यावं लागलं, ते सभागृहाच्या कामकाजाच्या नोंदीत तारखेसकट छापलेलं राहिलं. आपल्याला काही माहीतच नव्हतं, असं नंतर कुणाला म्हणता येत नाही.

तुम्हाला स्वतःला काही करायचं असेल, तर आपल्या खासदाराला पत्र लिहा आणि ठरावाची नव्हे, लोकसभेत लेखी प्रश्नाची मागणी करा: शस्त्रसंधी मोडल्यापासून भारताने त्या सरकारला कोणती शस्त्रं, किती कर्ज आणि कोणतं लष्करी प्रशिक्षण दिलं, आणि कुठल्या तारखेपासून ते थांबवणार? ‘यानंतर काय करणार’ हे अक्कांनी विचारलं, तेव्हा मला हे सुचायला हवं होतं.