आर्किटेक्चर कॉलेजच्या विद्यार्थी मंडळाच्या व्याख्यानांना मुलं यावीत म्हणून काय करावं?

तुमच्याकडे पार्टीला गर्दी होते आणि व्याख्यानाला पुढच्या दोनच रांगा भरतात, असं तुम्ही लिहिलंय. मुंबईतच असं मंडळ चालवलंय, म्हणून सांगते.

आधी सबमिशनच्या तारखा बघा. ड्रॉइंगच्या शीट्स पूर्ण करायच्या आठवड्यात चार्ल्स कोरियांसारखे थोर आर्किटेक्ट खुद्द अवतरले तरी कुणी स्टुडिओतून उठणार नाही. नवीन डिझाइन प्रॉब्लेम, म्हणजे स्टुडिओतलं पुढचं काम, हातात पडतो तो पहिला पंधरवडा पकडा. तेव्हा डोकं रिकामं असतं आणि कॉन्सेप्टसाठी धडपड चालू असते.

मग विषयही त्या प्रॉब्लेमला धरूनच ठेवा. तिसऱ्या वर्षाला हाऊसिंग असेल, तर नामवंत आर्किटेक्टच्या आधी बीडीडी चाळीत वाढलेल्या एखाद्या आजींना बोलवा. १९२०च्या दशकातल्या त्या चाळी, १६० चौरस फुटांची खोली. तेवढ्या जागेत पाहुणे आले की कोण कुठे झोपायचं, लग्नाचा स्वयंपाक कुठे व्हायचा, कॉमन पॅसेजवरून भांडणं कशी व्हायची, हे त्या सांगतील. मुलांना समोर प्लॅन काढायला लावा. प्रश्न आपोआप निघतात, सूत्रसंचालन लागत नाही. मोठ्या नावांना जरूर बोलवा, पण एका अटीवर: एकच इमारत, आणि तिच्यात काय फसलं तेही सांगायचं. नाहीतर पोर्टफोलिओ दाखवत बसतात.

व्याख्यान आणि मौजमजा वेगळी का ठेवता? ओव्हल मैदानात भरवा. पूर्वेला राजाबाई टॉवर, हायकोर्ट. पश्चिमेला आर्ट डेको शैलीतल्या इमारती. २०१८ मध्ये हा सगळा परिसर जागतिक वारसा यादीत गेला. एका बाजूला दगडी कमानींमागे खोल व्हरांडे, दुसऱ्या बाजूला आरसीसीमुळे शक्य झालेले पातळ, लांब छज्जे. ऊन-पाऊस तोच, उत्तरं दोन. अर्धा तास स्केचिंग, मग वक्ता, मग चहा-वडापाव. फक्त पावसाळ्यात नको, आणि क्रिकेटवाल्यांशी जागेवरून हुज्जत घालू नका, तिथे ते तुमच्याआधीपासून आहेत.

वेळ शनिवारी सकाळची ठेवा. संध्याकाळी सहाला संपवलंत, तर विरार-बदलापूरची मुलं लोकलच्या गर्दीच्या धास्तीने पाचलाच सटकतात. आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना खुर्च्या उचलायला नाही, वक्त्याला फोन करायला लावा. मंडळ पुढे तेच चालवणार आहेत.