वॉर्डात कांजण्या आणि आपण गरोदर: ऑफिसच्या मंजुरीची वाट पाहू नका

ताई, तुमचा प्रश्न काल ड्युटीवरून आल्यावर वाचला आणि नंतर झोप लागली नाही. जळगावात लहान मुलांच्या वॉर्डात नोकरी, अकरावा आठवडा चालू, वॉर्डात कांजण्यांचं लेकरू निघालं आणि मेट्रन म्हणतात, "लहानपणी येऊन गेल्या असतील, काही होत नाही." सात वर्षांपूर्वी धुळ्यात मी याच जागी होते. मला चौदावा आठवडा होता, एवढाच फरक.

मास्क, हात धुणं वगैरे सांगत बसत नाही, तुम्ही स्वतः सिस्टर आहात. मी डॉक्टर नाही. गोळी-इंजेक्शनचं तुमच्या डॉक्टरीणबाई ठरवतील. पण कांजण्यांची आयजीजी रक्ततपासणी (अंगात कांजण्यांविरुद्ध प्रतिकारशक्ती आहे की नाही ते दाखवणारी) आजच्या आज, स्वतःच्या पैशाने, बाहेरच्या लॅबमध्ये करा. सॅम्पल इथेच तपासतात की मुंबईला पाठवतात, तेही विचारा. त्यात दोन-तीन दिवस जातात.

मी ती केली नाही. होळीच्या आधीचे दिवस होते. साक्रीकडचा तीन वर्षांचा मुलगा ताप-खोकला म्हणून भरती झाला. अंगावर काहीच नव्हतं. शीर सापडेना, म्हणून मी त्याला छातीशी धरून पिवळी कॅन्युला लावली, हाताला फळी बांधली. रडून रडून तो माझ्या खांद्यावरच झोपला. दुसऱ्या दिवशी सकाळी चादर बदलताना त्याच्या कानामागे दवाच्या थेंबासारखा एकच फोड दिसला. संध्याकाळपर्यंत सगळी पाठ भरली. कांजण्या फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरतात. त्यामुळे "आम्ही त्याला लगेच वेगळ्या खोलीत हलवलं" असं तुम्हाला कोणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका. त्याच्या आधी एका खोलीत पंधरा मिनिटं काढली असतील तरी तो संपर्कच धरतात.

मी पारोळ्याला आईला फोन केला. ती म्हणाली, "तुले न्हानपने माता उनी व्हती ना!" माझा जीव भांड्यात पडला. पण आपल्याकडे गोवर काय, कांजण्या काय, नुसतं पुरळ काय, सगळ्यालाच माता म्हणतात. दाराला लिंबाचा पाला लावला, घरात फोडणी बंद केली, झालं. डॉक्टरला कोण दाखवतं? मला बहुतेक गोवर आला असणार.

तरी शंका होती म्हणून आमच्या हॉस्पिटलच्या ऑफिसात गेले. नाव घेत नाही, ओळखीच्या मुली अजून तिथे आहेत. स्टाफची तपासणी फुकट होते, पण मंजुरी लागते, असं कळलं. फुकट होतेय तर पैसे कशाला घालवा, असा विचार मी केला. तीच माझी चूक. आधी म्हणाले लेखी अर्ज द्या. दिला, तर मेट्रनची सही नाही. मेट्रन सुट्टीवर. सही आणली, तर गरोदरपणाचा दाखला जोडा. तो जोडला, तर साहेब बाहेरगावी. नवव्या दिवशी रक्त घेतलं, बाराव्या दिवशी रिपोर्ट हातात पडला. निगेटिव्ह. म्हणजे मला कांजण्या कधी आल्याच नव्हत्या.

अशा वेळी जे इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन देतात, ते जितकं लवकर तितकं चांगलं, आणि संपर्कानंतर १० दिवसांच्या आत द्यावं लागतं. माझे ते दिवस एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरण्यात गेले. शिवाय ते काही गावातल्या मेडिकलवर मिळत नाही. आम्हाला तर नाशिकहून मागवावं लागेल असं सांगितलं होतं, म्हणजे आणखी एक दिवस.

पंधराव्या दिवशी मला ताप आला, सतराव्या दिवशी फोड. गरोदर बाईला कांजण्या फुप्फुसात उतरायची भीती असते, म्हणून चार दिवस ॲडमिट होते. १३ ते २० आठवड्यांत कांजण्या आल्या तर बाळात दोष राहण्याची शक्यता १०० मध्ये साधारण २. आकडा लहान आहे, मान्य. पण पाच आठवड्यांनी सोनोग्राफीच्या टेबलावर पडून डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे पाहत असताना तो लहान वाटत नाही. माझी मुलगी चांगली आहे, पहिलीत जाते. तुम्हाला घाबरवायला हे लिहीत नाहीये. ऑफिसचं शेवटचं उत्तर होतं, "तुम्ही वेळेवर अर्ज करायला हवा होता." आजही ते आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

आता माझं स्पष्ट मत, कोणाला पटो न पटो. तीन महिने कोणाला सांगू नये म्हणतात, ते भाऊबंदांपुरतं ठेवा. ड्युटी लावणाऱ्या सिस्टरला सांगा, आणि लेखी सांगा. अर्जाच्या दोन प्रती काढा, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या. "मला त्रास होतो" असं लिहू नका, त्याने कोणी हलत नाही. असं लिहा की प्रतिकारशक्ती नसलेल्या, संपर्कात आलेल्या कर्मचाऱ्याला आठव्या ते एकविसाव्या दिवसापर्यंत रुग्णांपासून दूर ठेवायचं असतं, नाहीतर तिच्यामुळेच वॉर्डातल्या मुलांना लागण होऊ शकते. ते खरंच आहे, आणि तेवढंच वाक्य साहेब लोक वाचतात. २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा यात धरू नका. तिचे प्रसूतीआधी जास्तीत जास्त ८ आठवडे घेता येतात, तिसऱ्या महिन्यात तिचा उपयोग नाही. ड्युटी बदलाची मागणी वेगळीच करा.

त्याच रक्तात रुबेलाचीही आयजीजी करून घ्या, हा जर्मन गोवरही पोटातल्या बाळाला बाधतो. २०१८ च्या नोव्हेंबरात राज्यभर गोवर-रुबेलाची मोहीम झाली, पण ती ९ महिने ते १५ वर्षांच्या मुलांची होती, आपल्या वयाच्या बायका राहिल्या. कांजण्यांची लस तर सरकारी वेळापत्रकात नाहीच, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाला वॉर्ड भरतो. निगेटिव्ह आलं तरी आत्ता कांजण्यांची किंवा रुबेलाची लस टोचून घेऊ नका, दोन्ही जिवंत विषाणूंच्या आहेत. बाळंतपणानंतर आठवणीने घ्या, अंगावर पाजत असलात तरी चालतं. घरी मोठं मूल असेल तर त्याच्या लसीचं मात्र आत्ताच डॉक्टरांना विचारा. आणि वॉर्डातल्या लेकरांच्या ताटातली उरलेली खिचडी प्रेमाने पुढे केली तरी खाऊ नका. सीएमव्ही नावाचा, पोटातल्या बाळाला बाधू शकणारा विषाणू लहान मुलांच्या लाळेतून, लघवीतून येतो आणि त्याला लसच नाही.

तुम्ही संपर्काची तारीख लिहिलेली नाही. त्या लेकराला फोड दिसले त्याच्या दोन दिवस आधीपासून मोजा आणि आज कितवा दिवस आहे ते इथे कळवा. १० दिवस उलटून गेले असले तरी घरी बसू नका, सातव्या दिवसापासून विषाणूविरोधी गोळ्या सुरू करण्याचाही विचार डॉक्टर करतात. फोन करून नुसतं "कांजण्यांचा पेशंट होता" असं सांगू नका, तारीख सांगा.