शाळेचं नवं वेळापत्रक, संगीताचा तास आणि अबोला धरलेली मैत्रीण

पत्र:

ताई, माझी मुलगी सातवीत आहे आणि शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. आतापर्यंत शाळेत रोज ४५ मिनिटांचे सात तास असायचे. त्यात एक संगीताचा आणि एक ऐच्छिक विषयाचा. पुढच्या वर्षापासून ८५ मिनिटांचे चारच तास होणार आहेत, ‘अ’ दिवस आणि ‘ब’ दिवस असे आलटून पालटून. भाषा आणि गणित रोज, बाकीचे विषय एक दिवसाआड. संगीत आता ऐच्छिकात जाणार, आणि ऐच्छिक एकच घेता येणार. यावरून पालकांत सरळ दोन तट पडलेत. माझी जिवाभावाची मैत्रीण पलीकडच्या गटात आहे. तिचा मुलगाही सातवीतच आहे, ट्रम्पेट वाजवतो, पण वाचनात फार मागे आहे. ती म्हणते, आधी त्याला धड वाचता येऊ दे. मागच्या सभेत मी म्हटलं की संगीताने मुलांची बुद्धी वाढते, तर ती सगळ्यांदेखत म्हणाली, ‘ज्यांची मुलं हुशार आहेत त्यांनाच हे सुचतं.’ तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही. नवरा म्हणतो, शाळेच्या भानगडीत पडू नकोस. पंधरा दिवसांनी पुन्हा सभा आहे. काय करू?
– एक आई

उत्तर:

तुमच्या मैत्रिणीचं वाक्य जिव्हारी लागणारंच होतं. पण सातवीतल्या मुलाला नीट वाचता येत नाही ही काळजी आईची झोप उडवते, आणि ते वाक्य त्या काळजीतून आलं आहे. तिच्याकडे जाण्याआधी तुम्ही कागद-पेन्सिल घेऊन नवं वेळापत्रक उलगडून बघा. तुमचं भांडण तिथेच जन्मलं आहे, आणि माझ्या मते ते तिथेच मिटण्यासारखंही आहे.

आधी मिनिटं मोजू. आज संगीत रोज ४५ मिनिटं, म्हणजे आठवड्याला २२५. नव्या पद्धतीत दोन आठवड्यांत पाच तास, प्रत्येकी ८५ मिनिटांचे, म्हणजे आठवड्याला सरासरी साधारण २१२ मिनिटं. फरक जेमतेम १२-१३ मिनिटांचा. शिवाय वाद्य पेटीतून काढणं, जोडणं, सुरात लावणं आणि शेवटी पुसून परत ठेवणं यात दर तासाला दहा-बारा मिनिटं जातात. तास लांब झाला की हा खर्च निम्म्यावर येतो आणि प्रत्यक्ष वाजवायला उलट थोडा जास्तच वेळ मिळतो. म्हणून ‘संगीताचा वेळ कापला’ असं सभेत म्हणू नका. मुख्याध्यापक हाच हिशेब पुढे ठेवतील आणि तुमचं पुढचं खरं म्हणणंही कोणी ऐकणार नाही.

नुकसान मिनिटांत नाही, खंडात आहे. संगीत ‘अ’ दिवशी असेल तर एका आठवड्यात सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि पुढच्या आठवड्यात मंगळवार, गुरुवार. म्हणजे प्रत्येक शनिवार-रविवारला आणखी एक कोरा दिवस जोडला जातो. एखाद्या शुक्रवारी मुलीला ताप आला की बुधवारनंतर वाद्य हातात येणार ते थेट मंगळवारी. फुंकवाद्यात ओठांची ठेवण आणि श्वासाचा दाब स्नायूंच्या सवयीवर चालतो, आणि ती सवय थोड्या थोड्या पण रोजच्या वाजवण्याने बसते. क्लॅरिनेटवर या वयात सगळ्यात अवघड काम असतं ते खालच्या स्वरांतून वरच्या स्वरांत जाण्याचं: एक-दोन बोटांवर असलेला हात एका क्षणात जवळजवळ सगळी भोकं झाकतो, आणि एक बोट जरी निसटलं तरी वाद्य किंचाळतं. सलग सहा दिवस दहा मिनिटं केलं तर हे जमतं, एकाच दिवशी तासभर घासून जमत नाही. ट्रम्पेटचं तर आणखी वेगळं. नवशिक्या मुलाचे ओठ साधारण अर्ध्या तासात थकतात. नंतर तो ओठांवर वाद्य दाबून स्वर काढायला लागतो, आणि ती वाईट सवय लागली की मोडायला फार वेळ लागतो. म्हणून ८५ मिनिटांचा तास शिक्षकाने तोडून आखलाच पाहिजे: थोडं वाजवणं, मग स्वरलिपी किंवा ऐकणं, मग वाद्यांच्या छोट्या गटांत सराव, मग पुन्हा सगळे एकत्र.

थोडं थोडं पण वारंवार शिकलेलं जास्त टिकतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्मरणशक्तीवरच्या प्रयोगांतून मांडलं. हा नियम वाचनालाही लागू आहे, हे लक्षात ठेवा. मैत्रिणीशी बोलताना ते उपयोगी पडेल.

आता खरी मेख. नव्या पद्धतीत दोन दिवसांत मिळून आठ खण आहेत. भाषेला दोन, गणिताला दोन, विज्ञान, समाजशास्त्र आणि शारीरिक शिक्षण यांना एकेक. उरला एक. त्या एका खणात संगीत, चित्रकला, आणखी एखादी भाषा, संगणक, आणि वाचनाचा पूरक वर्गसुद्धा. तुमची मुलगी त्यात संगीत निवडेल आणि सुटेल. ज्याला पूरक वर्ग सक्तीचा आहे त्याला निवडायला काही उरतच नाही. म्हणजे या योजनेत ज्याच्या हातून वाद्य नक्की सुटणार आहे तो तुमच्या मैत्रिणीचा मुलगा. जुन्या वेळापत्रकात तो पूरक वर्ग करून ट्रम्पेटही वाजवू शकत होता. कदाचित तिने हे मोजलेलं नसेल. भाषेचा वेळ वाढतोय एवढंच तिला दिसलं असेल, आणि तो वाढतोय हे खरंच आहे: आठवड्याला २२५ मिनिटांवरून ४२५.

मग पहिला प्रश्न असा: भाषेला जवळजवळ दुप्पट वेळ मिळाल्यावर पूरक वर्ग ऐच्छिकाच्या खणात कशाला? ८५ मिनिटांपैकी ५५ मिनिटं सगळा वर्ग एकत्र आणि उरलेली ३० मिनिटं गट पाडून काम. वाचनात अडणाऱ्या चार-सहा मुलांना त्या अर्ध्या तासात वेगळा शिक्षक. रोज ३० म्हणजे आठवड्याला १५० मिनिटं, तीही खंड न पडता. यासाठी वाचनाच्या शिक्षकाला त्या त्या वर्गात जावं लागेल, आणि त्यांचे तास कसे बसवायचे हा खर्च शाळेला सोसावा लागेल. तो लपवू नका. उघडपणे मागा.

दुसरी मागणी संगीताची. एक ८५ मिनिटांचा तास रोज मोडून त्याचे ४० मिनिटांचे दोन अर्धे करता येतात, मध्ये पाच मिनिटं वर्ग बदलायला. ‘अ’ दिवशी: भाषा, विज्ञान, शारीरिक शिक्षण, आणि मोडलेल्या तासात संगीत व गणित. ‘ब’ दिवशी: भाषा, पूर्ण गणित, समाजशास्त्र, आणि मोडलेल्या तासात संगीत व दुसरा ऐच्छिक. यात संगीत रोज ४० मिनिटं, आठवड्याला २००. गणित सरासरी ३१२, म्हणजे आजच्या २२५ पेक्षा तरीही बरंच जास्त. ऐच्छिकाला आठवड्याला १०० मिनिटं. शारीरिक शिक्षणाला धक्काही लागत नाही, आणि ते महत्त्वाचं आहे, कारण अशा तडजोडीत पहिली कुऱ्हाड नेहमी खेळावर पडते. शाळा दोन अडचणी सांगेल आणि दोन्ही खऱ्या आहेत. गणिताच्या शिक्षकाला दोन लांबीचे पाठ आखावे लागतील. त्यांनी आखूड दिवस सरावाला आणि चाचणीला ठेवावा. दुसरी अडचण म्हणजे संगीत शिक्षक एकच असेल तर सहावी, सातवी आणि आठवीचा मोडलेला तास दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी ठेवावा लागेल. म्हणून ज्या विषयाची एकच तुकडी आहे तो वेळापत्रकात आधी बसवायचा आणि पाच-पाच तुकड्यांचे विषय त्याभोवती. उलट क्रमाने बसवलं की बँड उरलेल्या फटीत कोंबला जातो आणि एका तासात सात सॅक्सोफोन, एकही ट्रॉम्बोन नाही, असं काहीतरी होऊन बसतं.

सभेत आणखी दोन पर्याय पुढे येतील, त्यांची तयारी ठेवा. एक, संगीत शाळेच्या आधी किंवा नंतर घ्या. ऐकायला सोपं वाटतं, पण जी मुलं शाळेच्या बसने येतात किंवा घरी धाकट्या भावंडांना सांभाळतात ती पहिल्याच महिन्यात गळतात, आणि वेळापत्रकाबाहेर गेलेला विषय हळूहळू छंदवर्ग होतो. दोन, फिरता क्रम: नऊ आठवडे चित्रकला, नऊ संगीत, नऊ संगणक, नऊ नाट्य. सहावीत ओळख म्हणून हे छान आहे, पण वाद्य शिकायला अजिबात नाही. पहिले नऊ आठवडे नवशिक्याला स्थिर आवाज आणि पाच-सहा स्वर यायलाच लागतात, आणि नेमकं तिथेच वाद्य काढून घेतलं जातं. सहावीच्या नवशिक्यांना वर्षभर वाद्य मिळालं नाही, तर परिणाम दोन वर्षांनी आठवीच्या बँडमध्ये दिसतो. तेव्हा तो बँड उभा करता येत नाही.

बुद्धी वाढण्याचा मुद्दा मात्र आता सोडून द्या. ‘मोझार्ट इफेक्ट’चा, म्हणजे मोझार्टचं संगीत ऐकून बुद्धी वाढते या समजुतीचा, जो गाजावाजा झाला, त्याच्या मुळाशी १९९३ चा एक छोटा प्रयोग होता. तो महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला, नुसतं संगीत ऐकण्याचा, आणि परिणाम टिकला दहा-पंधरा मिनिटं. मानसशास्त्रज्ञ ग्लेन शेलेनबर्ग यांच्या २००४ च्या प्रयोगात सहा वर्षांच्या १४४ मुलांपैकी संगीत शिकलेल्यांचा बुद्ध्यांक इतरांपेक्षा किंचित जास्त वाढला. पण साला आणि गोबे या संशोधकांनी २०२० मध्ये असे अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा काटेकोर अभ्यासांत हा परिणाम जवळपास उरलाच नाही. समोर कोणी हे वाचलेलं असेल तर तुमची बाजू तिथेच पडेल. आणि तशी गरजही नाही. पन्नास मुलांनी एकमेकांचं ऐकत एकत्र वाजवणं हे स्वतःच शिकण्याजोगं आहे. विज्ञान शिकवताना आपण त्याने गणित सुधारतं का, असं विचारत नाही.

हिशेबी माणसांसाठी एक मुद्दा वेगळा ठेवा. बँडच्या एका तासात एक शिक्षक पन्नास मुलं सांभाळतो. त्यातली निम्मी बाहेर पडली तर त्या पंचवीस मुलांसाठी त्याच वेळी दुसरी खोली आणि दुसरा शिक्षक लागेल. संगीत कापून पैसे वाचतात, हे गृहीत धरण्याआधी शाळेने हा आकडा मांडावा.

सभेच्या आधी, शक्यतो याच आठवड्यात, मुख्याध्यापकांना लेखी विचारा: वेळापत्रकाचा मसुदा, प्रत्येक विषयाची आठवड्याची मिनिटं, किती मुलांना पूरक वर्ग लागतो आणि त्यातली किती बँडमध्ये आहेत (संख्या मागा, नावं अजिबात नको), अंतिम निर्णय कोण आणि कधी घेणार. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. विषयनिवडीचे अर्ज भरून झाले आणि शिक्षकांच्या नेमणुका ठरल्या की वेळापत्रक हलत नाही, मग सभेत कोणी कितीही पोटतिडकीने बोलो. बोलायला दोन-तीन मिनिटंच मिळतील. त्यात एक आकडा, एक मागणी आणि एक तारीख: वर्षभर करून बघा आणि अमुक महिन्यात पालकांसमोर आढावा घ्या, कशावरून यश मोजणार ते आत्ताच ठरवा. दहा जणांनी तेच तेच बोलण्यापेक्षा मुद्दे वाटून घ्या. संगीत शिक्षकांना पुढे करू नका, त्यांच्या नोकरीचा प्रश्न असतो. मुलीला व्यासपीठावर उभी करून वाजवायला लावू नका. आणि गणिताविरुद्ध एक शब्दही नको.

आता मैत्रीण. तिला सभेआधी भेटा, फोनवरच्या मेसेजने हे होणार नाही. सुरुवात माफीने करा, कारण तिच्या मुलाची अडचण समोर असताना तुम्ही बुद्धीचा विषय काढलात, आणि तिला तो टोमणा वाटला असणार. ‘तू असं म्हणालीस’ हे काढू नका. मग आठ खणांचा कागद तिच्यापुढे ठेवा आणि तिच्या मुलाचं वेळापत्रक तिलाच भरू द्या. शेवटचा खण भरताना ती थांबेल. तेव्हा घाईने बोलू नका. भाषेच्या तासातच पूरक वर्गाची मागणी तिने मांडावी आणि रोजच्या संगीताची तुम्ही, असं ठरलं तर दोन्ही गटांतली एकेक आई एकच कागद घेऊन उभी राहील, आणि शाळेला तो बाजूला सारणं अवघड जाईल. तिला पटलं नाही, तरी तिच्या मुलाचा दाखला सभेत देऊ नका. ते सांगण्याचा हक्क फक्त तिचा आहे.

तुमच्या नवऱ्याचं म्हणणं मला अर्धं पटतं. पालकांच्या गटांतली उणीदुणी, रात्री उशिरापर्यंतचे मेसेज, कोण कोणाच्या बाजूचं, या सगळ्यातून बाहेर पडा. लेखी प्रश्न विचारणं ही भानगड नाही. त्यांना ही मिनिटांची बेरीज तपासायला द्या, एक चूक जरी सापडली तरी घरातच सापडलेली बरी. आणि मुलीला एकदा स्वस्थपणे विचारा की पुढच्या वर्षी तिला काय हवं आहे. पत्रात तिचं मत कुठेच नाही. तिला चित्रकला घ्यायची असेल, तर तेही ऐकून घ्यावं लागेल.

एवढं करूनही योजना आहे तशी मंजूर झाली, तर संगीत नसलेल्या प्रत्येक दिवशी घरी पंधरा मिनिटं पुरतात: पाच मिनिटं लांब, स्थिर स्वर, पाच मिनिटं स्वरमालिका, आणि पाच मिनिटं त्या धड्यातले अडणारे दोनच भाग, निम्म्या गतीने. सगळा तुकडा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवत बसू नये, त्यात सोपं तेच पुन्हा घोटलं जातं. शनिवार-रविवारपैकी एक दिवस तरी सुटता कामा नये. वाजवून झाल्यावर आतून कापड फिरवून वाद्य कोरडं करायचं, रीड (तोंडाशी लावायची, कंप पावून आवाज काढणारी पातळ पट्टी) काढून तिच्या डबीत सपाट ठेवायची, आणि जोडावरचा बूच कोरडा वाटला तर त्याला थोडंसं ग्रीस लावायचं. तीन दिवस तशीच लावून ठेवलेली रीड वाकडी होते, आणि मंगळवारच्या तासाला मुलीला वाटतं की आपल्यालाच वाजवता येत नाही.