माळ खुंटीला टांगली म्हणतोस

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. सप्टेंबर 2025 च्या पुरात सोयाबीन गेले, वावरातली मातीही खरडून गेली. त्याआधी विहीर ढासळली होती, त्याआधी बैल दगावला होता. हे सारे क्रमाने लिहून शेवटी तू एका ओळीत कळवलेस, की माळ काढून देवघरातल्या खुंटीला अडकवली आहे. जमिनीबद्दल मी तुला धीर देणार नाही. गेलेली माती पुन्हा साठायला किती पिढ्या लागतात, हे तुला माझ्याइतकेच ठाऊक आहे. मला बोलायचे आहे ते त्या शेवटच्या ओळीबद्दल. नेम मोडू नकोस.

देव माझ्याच मागे का लागला, असे तू विचारतोस. विचार की, पण त्यालाच विचार. पंचनाम्यासाठी तलाठ्याकडे चार खेटे घालतोस, मग इथे एक घालायला काय हरकत आहे? देवाशी भांडायला आपल्याकडे कधीच बंदी नव्हती. जनाबाईंनी तर त्याला शिव्या घातल्या. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. कर्जखतांतला आपला वाटा त्यांनी इंद्रायणीत सोडला, हा प्रसंग कीर्तनकार रंगवून सांगतात. मला मात्र पडझड झालेले देहूचे देऊळ त्यांनी त्या हलाखीत दुरुस्त केले, हे अधिक मोठे वाटते. ज्याने आपले काही वाचवले नाही, त्याचेच घर आधी सावरायला घेतले! रुसायचे तर असे, त्याच्या दारात राहून.

मी तसे केले नाही. 2012 साली पावसाने दगा दिला आणि पुढच्या उन्हाळ्यात जालन्याकडच्या मोसंबीच्या बागा वाळल्या, त्यांत माझी 280 झाडे होती. टँकरचे पाणी विकत घेऊन ती एप्रिलपर्यंत जगवली आणि मग करवत आणली. काही बुंध्यांना करवत लागल्यावर आत ओल दिसली, म्हणजे ती झाडे अजून मेलेली नव्हती. तरी मी थांबलो नाही. त्याच संध्याकाळी माळ काढली. वडील ओट्यावर हरिपाठ म्हणत होते. त्यांनी पाहिले, पण अभंग मध्येच तोडला नाही. आषाढीला एकनाथांच्या पालखीबरोबर ते एकटेच चालले, कारण शेतात काम आहे असे मी सांगितले होते, आणि शेतात तेव्हा बुंध्यांशिवाय काही नव्हते. त्या हिवाळ्यात ते गेले.

पुढे 2014 च्या गारपिटीत गहू झोपला. त्या रात्री मला जाणवले, की आता रागवायलाही कोणी उरलेले नाही. पहाटे वडिलांची माळ नव्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. त्यानंतर गव्हाचे एक कणीस उभे राहिले नाही, हे तुला सांगायलाच हवे, नाहीतर तू नेमाचाही सौदा करशील. भरपाईसाठी पाळतात त्याला नेम म्हणत नाहीत.

माझा धाकटा भाऊ मला आडमुठा म्हणतो. जमीन विकून शहरात गेलो असतो तर मुलांचे भले झाले असते, असे त्याचे म्हणणे आहे, आणि कदाचित ते खरेही असेल. पण मी राहिलो ते चुकलो, हे मला मान्य नाही. पुरावा म्हणून माझ्याजवळ ना पीक आहे ना शिल्लक; 2020 साली करोनामुळे पायी वारी न होता पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या त्या वर्षासकट एकही संध्याकाळ न चुकलेला हरिपाठ तेवढा आहे. भावाला तो पुरावा वाटत नाही. तुला वाटावा, म्हणून हे लिहितो आहे.

विम्याचे, बँकेचे कागद घेऊन ये, दोघे मिळून पाहू. माळ मात्र आजच घाल. मुहूर्त पाहत बसू नकोस. ज्येष्ठ वद्यात पैठणहून पालखी निघेल तेव्हा आमच्या दिंडीत तुझे नाव असेल. शेतात काम आहे, असे कळवू नकोस. ते कारण मी एकदा देऊन बसलो आहे.

तुझा,
काका