धमन्यांचा ‘दाह’ की ‘शोथ’?

प्रश्न असा आहे: ‘प्लेटलेट्समुळे धमन्यांचा दाह वाढतो’ या वाक्यात ‘दाह’ बरोबर, की ‘सूज’, की ‘शोथ’? आणि ‘धमनीशोथ’ असा जोडशब्द चालेल का?

‘शोथ’ घ्यावा, पण ‘धमनीशोथ’ टाळावा.

दाह म्हणजे आग, जळजळ. तळपायांचा दाह होतो तो ज्याचा त्याला जाणवतो. धमनीच्या भिंतीत मेदाचा थर साठत असताना मात्र वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही. ‘दाह’ वाचणारा छातीत जळजळतंय का ते पाहतो आणि नाही म्हणून निर्धास्त राहतो. हा धोका खरा आहे. सूज डोळ्यांना दिसते, हाताला लागते; तीही इथे नाही. ‘शोथ’ मुळात फुगण्याच्याच अर्थाचा असला, तरी वैद्यकीय मराठीत तो इजेला किंवा जंतूंना शरीर देत असलेल्या प्रतिसादासाठी (इंग्रजीत ‘इन्फ्लमेशन’) रुळला आहे. यकृतशोथ, मस्तिष्कावरणशोथ हे शब्द त्यातूनच आले.

धमनीत नेमकं हेच घडतं. आतलं अस्तर बिघडलं की प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या बारीक रक्तकणिका, तिथे चिकटतात. त्यांच्या आतल्या कणांमधलं पी-सिलेक्टिन हे प्रथिन पृष्ठभागावर येतं आणि जवळून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी त्याला अडकतात. प्लेटलेट्स सोडत असलेली केमोकाइन्स, म्हणजे पेशींना बोलावणारी प्रथिनं, मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींना भिंतीत ओढतात. त्या आत शिरून कोलेस्टेरॉल गिळतात, त्यांच्या फेनपेशी (मेदाने भरलेल्या, फेसाळ दिसणाऱ्या पेशी) होतात, थर जाडावतो. म्हणजे गुठळी होण्याच्या कितीतरी आधी प्लेटलेट्स कामाला लागलेल्या असतात! म्हणून ‘प्लेटलेट्स धमनीच्या भिंतीतला शोथ वाढवतात’ असं लिहावं. ‘थर’ आणि ‘गुठळी’ यांचीही अदलाबदल नको: थर भिंतीत सावकाश वाढतो, तो फाटला की त्यावर गुठळी मिनिटांत धरते.

‘धमनीशोथ’ हे वेगळ्या आजारांचं नाव आहे, उदाहरणार्थ ताकायासूचा धमनीशोथ. मेदाच्या थराच्या विकाराला ‘धमनीकाठिण्य’ रूढ आहे. जुन्या लेखनात धमनीला ‘रोहिणी’ म्हणत, म्हणून ‘रोहिणीकाठिण्य’ही सापडेल.

‘अ‍ॅस्पिरिनने शोथ उतरतो’ हेही मात्रा पाहूनच लिहावं. हृदयविकारात रोज देतात ती ७५ ते १०० मिलिग्रॅमची मात्रा प्लेटलेट्सना थ्रॉम्बॉक्सेन हे गुठळीला मदत करणारं रसायन बनवू देत नाही. त्यांना केंद्रक नसल्यामुळे ते बनवणारं, औषधाने बंद पडलेलं विकर (एन्झाइम) त्या नव्याने घडवू शकत नाहीत, आणि परिणाम त्यांच्या ७ ते १० दिवसांच्या आयुष्यभर टिकतो. शोथ उतरवायला मात्र याच्या अनेक पट औषध लागतं. रक्ताचा दाटपणा दोन्ही मात्रांत बदलत नाही, त्यामुळे ‘रक्त पातळ करणारी गोळी’ऐवजी ‘गुठळीरोधक’ लिहिणं बरं.