काता, काटा आणि ‘दोन हात’

प्रश्न असा आहे : ‘माझी मुलगी कराटे शिकते. पिवळ्या बेल्टच्या परीक्षेसाठी “हेइआन शोदान” बसवायचंय. वहीत तिने “काटा” लिहिलंय, सर म्हणतात “काता”, आणि तेही स्त्रीलिंगी : “ही काता पक्की कर.” तिची मैत्रीण दुसऱ्या क्लासला जाते, ती यालाच “पिनान निदान” म्हणते. बरोबर काय, आणि याला मराठी शब्द आहे का?’

काता म्हणजे कराटेत ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींची मालिका, ‘हेइआन शोदान’ हे अशाच एका मालिकेचं नाव. आधी ट-तचा निकाल लावू. जपानीत टवर्गातले उच्चार नाहीत. तिथला ‘ता’ जीभ दातांमागे टेकवूनच होतो, म्हणजे आपल्या ‘त’च्या सख्ख्या शेजारचा. ‘काटा’ आला तो रोमन स्पेलिंगच्या दाराने. ‘कराटे’ही तसाच आला, मुळात तो ‘काराते’. पण कराटे आता इतका रुजलाय की तो दुरुस्त करायला निघालेल्या माणसाचं लोक हसं करतील. काता अजून ओला आहे, तोवर नीट वळवून घ्यावा. शिवाय काटा म्हटलं की पायात मोडतो किंवा घड्याळात फिरतो, ही आणखी एक अडचण. (‘कता’ही नको. जपानी ‘आ’ आखूड असतो खरा, पण आपल्या ‘अ’पेक्षा तोंड जास्त उघडतं.)

लिंगाबद्दल माझं मत पुल्लिंगी. सोफा, पास्ता, पिझ्झा हे आकारान्त पाहुणे मराठीने पुल्लिंगीच करून घेतले आणि सोफ्यावर, पास्त्यात असे वाकवलेही. तसाच तो काता, ते काते, कात्यात. कोकणातल्या वाचकाला काथ्या आठवेल, पण चालायचंच. सरांच्या मनात बहुधा ‘कवायत’ असावी, म्हणून ‘ही’. त्यांना दुरुस्त करायला जाऊ नका, परीक्षा तेच घेणार आहेत.

आता अर्थ. जपानीत हा उच्चार दोन चिन्हांनी लिहितात. एकाचा अर्थ आकार, रूप. दुसऱ्याचा अर्थ साचा, आणि त्या चिन्हाच्या तळाशी ‘माती’चं चिन्ह बसलेलं दिसतं, कारण मूळ कल्पना ओतकामाच्या मातीच्या साच्याची. हा शब्द एकट्या कराटेचा नाही. नो आणि काबुकी नाटकांत ठरलेल्या हालचालींना काता म्हणतात. रक्तगटालाही हेच चिन्ह लागतं, फक्त जोडशब्दात ‘क’चा ‘ग’ होऊन ‘गाता’ होतो.

मग ‘साचा’ म्हणावं का? अर्थ जुळतो, पण सूर बिघडतो. आपल्याकडे ‘साचेबद्ध’ ही शिवी आहे. ‘कवायत’ म्हटलं की शाळेचं मैदान आणि ‘एक साथ सावधान’. मला जवळचा वाटतो तो ‘बंदिश’. गुरूकडून जशीच्या तशी घ्यायची, बसवायची, आणि पुढे कित्येक वर्षं ती उलगडत राहायची. फरक इतकाच की बंदिशीभोवती गायक स्वतःचं काही रचतो, कात्यात मात्र पदरचं एक पाऊलही घालायचं नसतं. तिथे उलगडतो तो अर्थ. मुलीला हेइआन शोदान करायला सांगा. आधी ती डावीकडे वळून हात खाली झटकेल, एक पाऊल पुढे टाकून ठोसा मारेल. मग गर्रकन मागे वळून पुन्हा हात खाली, आणि लगेच तोच हात अंगाकडे ओढून वरून गोल फिरवत मूठ हातोड्यासारखी आणेल. हे ओढणं शोभेचं नाही. कुणीतरी मनगट धरलंय, ते सोडवायचंय. हालचालीमागचा असा अर्थ काढण्याला ‘बुंकाई’ म्हणतात. शब्दशः फोड करणं, आपण संधीची करतो तशी.

सुट्या हालचालींसाठी मात्र मराठी कमी पडत नाही. उभं राहण्याच्या ढबीला ‘पवित्रा’ आहे. मर्दानी खेळात लाठीचे, पट्ट्याचे ‘हात’ करतात. आणि इथे एक गंमत आहे : कराटेचं माहेर म्हणजे जपानच्या दक्षिणेचं ओकिनावा बेट, तिथे या विद्येचं जुनं नाव नुसतं ‘ते’, म्हणजे हात. आपणही भांडायचं झालं तर ‘दोन हात’ करतो. ‘काराते’तलं सुरुवातीचं ‘कारा’ आज ‘रिकामा’ या अर्थी लिहितात, पण तो अर्थ अलीकडचा. पूर्वी तिथे चीनमधल्या तांग घराण्याचं चिन्ह होतं, त्याचाही उच्चार ‘कारा’ होतो. म्हणजे ‘चिनी हात’. चीनशी वैर वाढलेल्या त्या काळात हे नाव नकोसं झालं, आणि २५ ऑक्टोबर १९३६ला नाहा शहरात जमलेल्या ओकिनावी गुरूंनी ‘रिकामा हात’ स्वीकारला. ओकिनावाचेच कराटेगुरू फुनाकोशी गिचिन तर तो आधीपासूनच लिहीत होते.

मैत्रिणीच्या ‘पिनान’चं उत्तर याच फुनाकोशींपाशी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांचे गुरू इतोसू आन्को यांनी शाळकरी मुलांसाठी पाच काते बांधले, त्यांचं नाव पिनान. फुनाकोशी १९२२ साली तोक्योला आले ते तिथेच राहिले, आणि मुख्य भूमीवरच्या जपान्यांना रुचावं म्हणून त्यांनी काते नव्या नावांनी शिकवले. पिनानची चिन्हं तीच ठेवून उच्चार जपानी केला : हेइआन, म्हणजे शांतता. त्याच भरात पहिल्या दोघांची अदलाबदलही केली, कारण इतोसूंचा दुसरा काता नवशिक्याला सोपा जातो. ‘शोदान’ म्हणजे पहिली पायरी, ‘निदान’ म्हणजे दुसरी. त्यामुळे तुमच्या मुलीचं हेइआन शोदान आणि मैत्रिणीचं पिनान निदान हा मुळात एकच काता. थोडे हात इकडेतिकडे असतील, पण दोघींना अंगणात शेजारी उभं करून पाहा, पहिल्या वळणालाच ओळख पटेल.