मॅच्युअर दिसण्यासाठी कमी बोलावं का?

तुम्ही लिहिलंय की वय २३ आहे, पहिली नोकरी लागलीय, पण घरी अजून लहानच समजतात. वडील प्लॉटसाठी कर्ज काढतायत आणि तुम्ही खोलीत आलात की बोलणं थांबतं. म्हणून विचारताय, कमी बोललं, जरा गंभीर राहिलं तर मॅच्युअर वाटेन का?

कमी बोलू नका. हे एवढं सांगायलाच मी लिहायला बसले.

मी कोल्हापूरची, शाहूपुरीतली. आमचा गणपती करायचा धंदा, पणजोबांपासूनचा. लहानपणापासून पाहुण्यारावळ्यांत माझं एकाच शब्दानं कौतुक व्हायचं, 'पोरगी समजूतदार हाय.' म्हणजे काय, तर उलट बोलत नाही, मोठ्यांच्यात तोंड घालत नाही, जे ताटात पडेल ते खाते. मला त्या शब्दाचा फार अभिमान होता. २०१९ च्या ऑगस्टपर्यंत होता.

त्या वर्षी गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला होती. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे साडेतीनशेच्या आसपास घरगुती मूर्ती तयार होत्या, त्यातल्या दोनशेवर शाडूच्या. पावसात शाडू लवकर वाळत नाही, म्हणून रात्रभर हॅलोजन लावून वाळवलेल्या. निम्म्यांना रंग लागलेला, डोळ्यांची आखणी तेवढी राहिली होती. आखणी मी करते. तेव्हा माझं वय २१.

कोल्हापुरात पावसाळ्यात प्रत्येकाच्या तोंडी दोनच गोष्टी असतात, राधानगरी धरणाचे दरवाजे किती उघडले आणि पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फुटांवर आहे. ३९ फूट इशारा पातळी, ४३ धोक्याची. मी वहीत आकडे लिहून ठेवत होते. ४३ मागं पडून दोन दिवस झाले होते आणि आकडा काही थांबत नव्हता. त्या दिवशी पहाटे दूध आणायला गेले तर गल्लीच्या तोंडाला गटारीच्या जाळीतून पाणी खाली जायच्या ऐवजी वर येत होतं. काळं पाणी, संथ, बुडबुडे काढत. जयंती नाल्याला नदीची फूग लागली होती, म्हणजे नदीचं पाणी नाल्यात उलटं शिरत होतं. हे बघितल्यावर पुढं काय होणार हे कळायला फार शिक्षण लागत नाही.

घरी आले तर बाबा आणि थोरले चुलते, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, मूर्ती टेबलांवर चढवायचं ठरवत होते. कारखान्याच्या भिंतीवर अण्णांनी २००५ च्या पुराच्या पाण्याची रेघ गेरूनं ओढून ठेवलेली आहे. तिच्यावर हात ठेवून ते म्हणाले, "ह्या रेघेच्या वर पानी चडत न्हाई. टेबलं ईतभर उंच हाईत." बाहेर शेजाऱ्यांचा टेम्पो रिकामा उभा होता. ते दारात येऊन म्हणाले होते, दोन खेपा टाकायच्या असतील तर सांगा. मला म्हणायचं होतं, अण्णा, पाणी आत्ताच गटारीतून वर यायलंय, रेघेचं काही खरं नाही, टेम्पो सांगूया. वही माझ्या हातात होती. मी बोलले नाही. सगळे एवढे शांतपणे ठरवत होते, मधेच बोलून पोरकट कशाला दिसायचं, असं वाटलं. मी आत जाऊन चहा टाकला.

पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आम्ही आठवडाभर एका शाळेत राहिलो. पुणे-बंगळूर हायवेसुद्धा शिरोलीजवळ पाण्याखाली गेला होता, मग आमच्या गल्लीची काय कथा. परत आलो तेव्हा प्लास्टरच्या मूर्ती आडव्या पडून गाळात रुतल्या होत्या. शाडूच्या तर मूर्ती म्हणायला उरल्याच नव्हत्या. पाटावर एकेक ओला ढेकूळ, आणि काही पाटांवर हातासाठी घातलेली तार तेवढी उभी. घेतलेले इसार परत करताना बाबांनी माझ्या लग्नासाठी ठेवलेली ठेवपावती मोडली.

हे सगळं मी सोसलं असतं. पण गाळ काढताना माझी वही अण्णांच्या हाताला लागली. आकडे वाचून ते सगळ्यांसमोर म्हणाले, "तुला ठाऊक हुतं, मग तोंड का उघडलं न्हाईस?"

एकवीस वर्षं ज्या गप्प बसण्याला समजूतदारपणा म्हटलं, त्याचाच जाब विचारला. मी त्या दिवशी पहिल्यांदा उलट बोलले आणि ते भांडण अजून मिटलेलं नाही. माझं मत तेव्हाही हेच होतं, आजही आहे. घरची माणसं ज्याला मॅच्युअर म्हणतात ते बऱ्याचदा त्यांच्या सोयीचं असतं. आमचे अण्णा दर २६ जूनला दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्याला हार घालतात. महाराजांनी २ एप्रिल १८९४ ला राज्यकारभार हातात घेतला तेव्हा त्यांना वीस वर्षंही पुरी नव्हती. राजाराम महाराज १७०० साली गेले आणि औरंगजेब दारात असताना ताराराणींनी सूत्रं घेतली, तेव्हा त्या पंचविशीच्या आसपास होत्या. कावळा नाक्यावरून जाताना ताराराणींचा घोड्यावरचा पुतळा बघून आम्ही कोल्हापूरकर छाती काढतो. आणि घरातल्या २१ वर्षांच्या पोरीनं चहा टाकावा.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा चढलं. आकडा ३९ ला टेकला तेव्हाच मी सगळ्यांच्या मधे उभी राहून सांगितलं की आज टेम्पो. अण्णा म्हणाले, "हिला लई घाई." बाबा गप्पच होते, पण उठून पहिली मूर्ती त्यांनी उचलली. राजारामपुरीत उंचावर ओळखीच्यांचं गोडाऊन होतं, तिथं चार खेपा झाल्या. मंडळांच्या दोन मोठ्या मूर्ती हलवता आल्या नाहीत, त्या गेल्या. बाकी वाचल्या. अण्णा अजून म्हणतात, त्या वर्षी नशीब चांगलं होतं. नशीब कसलं? ३९ फुटांवर टेम्पो बोलावला होता.

आता राहिलेलं सांगते. २०१९ ला मी बोलले असते तर अण्णांनी ऐकलंच असतं असं नाही, हे मला माहीत आहे. विशी-बाविशीत दोस्तांच्या नादानं, रागाच्या भरात निर्णय चुकतात हेही खरं; मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो असं शास्त्रही सांगतं. म्हणून नुसता आवाज चढवू नका, हातात वही घेऊन बोला. आणि जिथं बोललं की हात उठतो अशा घरात हा सल्ला चालणार नाही. तिथं आधी स्वतःच्या राहण्याखाण्याचं बघा.

तुमच्या प्लॉटचं म्हणाल तर आज संध्याकाळीच वडिलांजवळ बसा. जागा बिगरशेती झालीय का, सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत, कुणाचा बोजा आहे का, व्याजदर बदलता आहे का, हप्ता किती आणि तो तुमच्या पगारातून जाणार आहे का, हे कागदावर लिहून न्या. "तुला काय कळतंय" म्हणतील. म्हणू दे, कागद तिथंच ठेवा आणि दुसऱ्या दिवशी परत विचारा. पण इसार द्यायच्या आधी. नंतर तुम्हालाही कुणीतरी विचारेल, ठाऊक होतं तर तोंड का उघडलं नाहीस.